माझ्या खोलीतल्या कोकोच्या ढेपा

चॉकलेट आवडत नाही असं म्हटलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. नातवंडं तर मुद्दाम कागद सोडून वडी माझ्या नाकापुढे नाचवतात आणि "आजी, एकदा तरी चाटून बघ" म्हणून मागे लागतात. मी उठून अंगणात जाते. आवडत नाही हा फारच मवाळ शब्द झाला. मला त्याची किळस येते. ते ज्या काळ्या लगद्यापासून करतात त्या लगद्याबरोबर मी सोलापुरातला एक अख्खा उन्हाळा एका खोलीत काढला आहे, आणि तोही पोटुशी असताना.

आमचं दुकान एका जुन्या पेठेत होतं. पुढे दुकान, त्यावर पत्रा. मागे घर, त्यावर मातीचं माळवद. दुकानात खळीचं सामान मिळायचं. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. पीठ, डिंक, मेण असलं सगळं आमच्याकडे होतं. पण खळीत काहीतरी स्निग्ध घालावं लागतं, नाहीतर सूत वाळून काडीसारखं मोडतं. गिरण्या त्यासाठी चरबी वापरायच्या. गुराढोरांची चरबी, डबेच्या डबे. आमचं घर लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. चरबीचा डबा विकणं सोडा, तो दुकानाच्या पायरीला टेकलेला मालकांना चालत नसे. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणायचं, नाव घ्यायची रीत नव्हती, आणि इथेही मी ते घेणार नाही. तर व्हायचं असं, की गिरणीवाले पीठ आमच्याकडून घ्यायचे आणि चरबी दुसरीकडून, आणि हळूहळू जिथे चरबी मिळते तिथूनच पीठही न्यायला लागले. मालकांना हे फार लागलं होतं. चरबीचं काम करील असं झाडाचं काहीतरी मिळालं पाहिजे, हे एकच खूळ त्यांच्या डोक्यात होतं.

माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मला त्याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथा महिना काही मी पार केला नव्हता. या खेपेला शिमग्याच्या सुमारास पुन्हा पाळी चुकली. सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, मी काही सांगायच्या आतच कळलं. त्यांनी माझ्या हातातली पाण्याची घागर काढून घेतली. तेव्हापासून घरात सगळे माझ्याकडे काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन चालणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागले. मीही तशीच चालत होते. हे मूल राहायला हवं, एवढंच मला कळत होतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मालक मुंबईहून खोकी घेऊन आले.

लाकडी खोकी, पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली. बंदरावर कुणा परदेशी मिठाईवाल्यासाठी आलेला माल, समुद्राचं पाणी लागून डागाळलेला, म्हणून लिलावात निघालेला. मालकांनी पहिलं खोकं माजघरात फोडलं. आत कागदात गुंडाळलेल्या ढेपा. गुळाच्या ढेपेसारख्या गोल नव्हे, पाट्यासारख्या चपट्या, आणि काळपट तांबड्या. परदेशात कोको नावाचं झाड असतं, त्याच्या बिया आधी आंबवायच्या, मग भाजायच्या, टरफल काढून दळायच्या, की त्यांच्यातल्याच तेलाने त्यांचा लगदा होतो. तो साच्यात थिजवला की ही ढेप. मालकांनी हे सगळं आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं. त्यांचा चेहरा मुलगा झाल्यासारखा फुलला होता.

"निम्मी ढेप म्हणजे नुसतं लोणी हाय," ते म्हणाले. "झाडाचं लोणी. चरबीला तोंडात मारील. आन गिऱ्हाईक काय एक हाय का? मिठाईवाला घेईल, औषधवाला घेईल, साबणवाला घेईल. खळीला तर लागतंयच की."

अव्वांनी ढेपेला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "जनावराचं न्हाय ना काही?"

"शपथ घेतो अव्वा. बी हाय बी. चिंचोक्यागत."

मग अव्वांचं समाधान झालं. माझं झालं नाही. त्या कागदातून जो वास उठला तो मला आजही सांगता येतो. जळक्या दाण्यांचा वास, त्यात चार दिवसांच्या ताकाचा आंबूसपणा, आणि त्यावर खवट तेलाचा थर. आता हेच लोक सुगंध म्हणून हुंगतात. हुंगोत बापडे. मी तोंडावर हात दाबून न्हाणीघराकडे पळाले आणि सकाळची भाकरी तिथेच गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगतच बसले नसते. माल दुकानात राहिला असता. पण सोलापूरचं ऊन. चैत्र लागला आणि दुकानाचा पत्रा तव्यासारखा तापायला लागला. एके दुपारी खोक्यांच्या फटींतून पिवळट तेल गळून पिठाच्या पोत्यांखाली गेलं. मालक हबकले. माल गार जागी ठेवला पाहिजे. घरात गार जागा एकच: आतली कोठी. जाड भिंती, वरती छोटा झरोका, भर दुपारीही पायाला फरशी थंड लागायची. आणि म्हणूनच अव्वांनी ती मला दिली होती. माझं अंथरूण तिथेच होतं.

हमालांनी खोकी आत आणून भिंतीशी रचली. वळसंगची एक म्हातारी आमच्याकडे दळण-कांडणाला होती. गरज पडली की सुईणपणही तीच करायची. ती दारातच नाकाला पदर लावून उभी राहिली.

"ह्ये काय मालक? पोटुशी बाई हितं निजती की. लई वास येतूय."

"हितंच गारवा हाय गं," मालक म्हणाले. "आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न. माल उठला की झालं."

"आवो, पर वैनीला सोसंल व्हय?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? नवरा, सासू, रचलेला माल, आणि सगळ्यांच्या तोंडावरची ती आशा. मी मान हलवली. मान कुठल्या बाजूला हलवली ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी ती होकाराची धरली.

बाहेर ओसरीवर झोपून बघितलं. तिथे उन्हाच्या झळांनी चक्कर यायची आणि अव्वा घाबरून मला पुन्हा आत नेऊन निजवायच्या. म्हणजे बाहेर भट्टी आणि आत घाण. रात्रंदिवस तो वास. माझ्या लुगड्यांना, केसांना, पिण्याच्या तांब्याला. देवासमोर विभूती लावताना बोटं नाकाजवळ नेली तरी तोच. भाताला तोच, भाकरीला तोच. जे खायची ते परत यायचं. अंगावर मांस राहिलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. चौथा महिना जवळ येत होता आणि मी रोज सकाळी उठल्यावर आधी पोटावर हात ठेवून बघायची.

तिकडे मालकांच्या खटपटी जोरात सुरू होत्या. समोरच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती. पहाटे गल्लीभर ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, ओढून त्याला ब्रशाने खळ लावत. त्यातल्या एका ओळखीच्या विणकराला मालकांनी पटवलं. कोकोची ढेप पाण्यात उकळून वर तरंगणारं लोणी तेवढं काढायचं आणि खळीत घालायचं, असा बेत होता. पण लोणी निघता निघेना, गाळ काही बसेना, आणि मालकांना धीर नव्हता. त्यांनी तसाच पातळ राडा खळीत ओतला. पांढऱ्या सुताचा ताणा शेणाने सारवल्यासारखा झाला. तोही एक वेळ चालला असता, गर्द रंगाच्या लुगड्याला लावला असता. पण ऊन वर आलं तशी विणकराची बायको "चीमलु! चीमलु!" करून ओरडायला लागली. चीमलु म्हणजे मुंग्या, हे मला त्या दिवशी कळलं. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताण्यावर मुंग्यांची रांग. खळीतलं गोडसर पीठ की कोकोचं लोणी, त्यांना काय आवडलं त्यांचं त्यांना माहीत. मागून गल्लीतलं कुत्रं आलं, त्याने खालचा राडा चाटला, आणि आमच्याच पायरीवर येऊन ते सगळं ओकलं. मला त्या कुत्र्याविषयी जेवढा जिव्हाळा वाटला तेवढा तेव्हा घरात कुणाविषयीच वाटत नव्हता. त्या एका जिवाला माझं दुखणं कळलं होतं.

मग हलवाई झाला. त्याने खव्यात ढेप किसून घातली, वड्या थापल्या. साखर हात राखून घातली असणार. पेठेतल्या लोकांनी करपलेली बर्फी म्हणून परत आणून दिली. एक म्हातारा म्हणाला, "वैद्यानं दिलेला काढा याहून बरा लागतोय." मग विडीवाला झाला. तंबाखूला वास येईल म्हणून कोकोचं पाणी मारून बघितलं. विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं चिकट झाली आणि त्यांनी तंबाखूचं सूपच कारखानदाराच्या पुढ्यात आणून ठेवलं.

त्यानंतर एक कंपाउंडर घरी आला. ओळखीचाच होता, अव्वांनी त्याला पाटावर बसवून चहा दिला. तो म्हणाला, ढेपेचं काय करायचंय, नुसतं लोणी द्या, दवाखान्यात लागतं. अव्वांनी कौतुकाने विचारलं, कशाला लागतं रे बाबा? तो बिचारा चाचरला. म्हणाला, औषध मिसळून त्याच्या बत्त्या करतात. अंगातल्या उबेने त्या विरघळतात.

"बत्त्या? कुटं लावायच्या?"

कंपाउंडरने मान खाली घातली आणि बोटाने पाटाच्या मागच्या बाजूला खूण केली.

अव्वांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "म्हंजे हलवाई तोंडात घालतो तेच तुमी खालनं घालता?" कंपाउंडर हो म्हणाला. विज्ञानाच्या बाजूने तो बरोबरच होता. पण अव्वांनी त्या दिवशी दोनदा अंघोळ केली आणि ज्या खलबत्त्यात ढेप कुटली होती तो परसात नेऊन उपडा घातला. मी आतून सगळं ऐकत होते. हसू आलं, पण हसता हसताच उलटी झाली. इतकी वाईट गत, की हसायचीही सोय नाही.

मालकांना मात्र त्यातून हुरूप आला. ते परसात चूल मांडून ढेपा उकळायला बसले. लोणी निघालं ते पिवळं, कडक, मेणासारखं. ते पातळ करून छोट्या पत्र्याच्या डब्यांत भरलं. फुटलेल्या ओठांना, भेगाळलेल्या टाचांना लावायचं मलम. कल्पना वाईट नव्हती. पण भर उन्हाळ्यात टाचांच्या भेगांकडे कोण बघतो? डब्या फळीवर बसून राहिल्या.

आणि उकळून उरलेला गाळ? तो टाकून द्यायला जिवावर आलं, म्हणून त्यांनी तो म्हशीच्या आंबोणात मिसळला.

ही म्हैस म्हणजे माझा शेवटचा आधार होता. भाकरी राहत नव्हती, भात राहत नव्हता, पण गार दूध एक-दोन घोट राहायचं. त्यावरच मी तग धरून होते. त्या संध्याकाळी वळसंगच्या म्हातारीने धार काढून पेला हातात दिला. मी तोंडाला लावला आणि दुधातून तोच वास आला. बारीक, पण तोच. मी पेला भिंतीवर फेकला. आयुष्यात पहिल्यांदाच घरात काही फेकलं. मग गुडघ्यात डोकं घालून रडले. मला वाटलं, हे मूल आता राहत नाही. हा काळा राडा आधी माझ्या खोलीत शिरला, मग अन्नात शिरला, आता दुधात शिरला, आता माझ्या पोटातही जाईल आणि याही लेकराला बाहेर ढकलील. किळस म्हणजे नाक मुरडणं असं लोकांना वाटतं. मला त्या दिवशी किळसेची भीती वाटली.

म्हातारीने पेला उचलला, भिंत पुसली. "वैनी, सांगा की घरात."

"काय सांगू? खोकी ठेवायला दुसरी जागा न्हाय."

"मंग बाहीर टाका म्हणावं."

"त्यांचा जीव हाय त्यात."

"आन तुमचा?" म्हातारी म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

अव्वांनाही माझ्याकडे बघून धसका बसला होता. चौथा महिना सरला, मूल राहिलं होतं, पण मी काडी झाले होते. सातव्या महिन्याची वाट न बघता त्यांनी पाचव्यातच डोहाळजेवण धरलं. त्या त्याला कुबसा म्हणत. त्यांचं म्हणणं, बाईचे डोहाळे पुरवले की अन्न अंगी लागतं. मृग तोंडावर आला होता, पण पाऊस नव्हता, ऊन तसंच होतं. ओसरीवर झोपाळा बांधला, त्याला फुलांच्या माळा. मला हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, फुलांच्या वाड्या. पेठेतल्या बायका जमल्या, मराठी बोलणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या, दोन्ही एकाच वाक्यात बोलणाऱ्या. समोरच्या गल्लीतली विणकराची बायकोही आली, मुंग्यांचा राग विसरून.

आमच्याकडे अशा वेळी दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवायची पद्धत. एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीने न बघता एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायका गाणी म्हणत होत्या, मी झोपाळ्यावर डोळे मिटून बसले होते. चक्कर येत होती, पण हे एवढं नीट पार पाडायचं असं ठरवलं होतं. मी हात पुढे केला, डावीकडची वाटी उचलली, झाकण काढलं.

वाटीत कोकोची बर्फी होती.

मालकांनीच ती ठेवली होती. मागाहून कळलं, की हलवायाने या खेपेला साखर भरपूर घालून वड्या जमवल्या होत्या आणि मालकांना वाटलं, एवढ्या बायका जमल्यात, एकीने जरी चाखून बरं म्हटलं तरी पेठभर नाव होईल. बायकोच्या डोहाळजेवणात त्या माणसाने माल खपवायला काढला होता! तो वास उन्हात तापून सरळ माझ्या तोंडावर आला आणि मी भर झोपाळ्यावर, त्या हिरव्या लुगड्यावर, फुलांच्या वाड्यांवर ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पाणी. गाणं थांबलं. कुणीतरी लिंबू आणायला पळालं.

माझं तोंड पुसून अव्वा माझ्यासमोर खाली बसल्या. आणि रिवाजाप्रमाणे जे विचारायचं असतं ते त्यांनी विचारलं, पण रिवाजाच्या सुरात नाही.

"एन बेकु, मगळे? काय पायजे तुला? सांग. काय म्हणशील ते देते."

या प्रश्नाला बाया काय काय सांगतात. कैरी सांगतात, चिंच सांगतात, पुरणाची पोळी, आईच्या हातची शेंगाचटणी, जत्रेतला पाळणा. आणि पोटुशीने सगळ्यांसमोर सांगितलेला डोहाळा मोडायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. मोडला तर पोटातल्या जिवाला बाधतं.

मी कोठीच्या दाराकडे बोट दाखवलं.

"अदु बेडा," मी म्हणाले. ते नको. "माझा डोहाळा एकच हाय. ती खोकी घराच्या बाहेर काढा. आजच. आन त्यातलं काहीबी घरात राहता कामा नये."

असला डोहाळा कुणी ऐकला नव्हता. डोहाळा म्हणजे काहीतरी आणून द्यायचं असतं. काही काढून न्या म्हणणारी पोटुशी त्या पेठेत मीच पहिली असेन. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, याला काय डोहाळा म्हणायचं? मग अव्वा उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दुकानाच्या दाराकडे तोंड केलं आणि इतक्या मोठ्याने हाक मारली, की रस्त्यावरची माणसं थांबली असतील.

"अरे, सुनेनं डोहाळा सांगितलाय! ऐकलंस का?"

मालकांनी ऐकलं होतं. ते दाराआड उभे होते, बर्फी कुणी चाखते का बघायला. ते आत आले. बायकांच्या मेळ्यात पुरुष येत नाही, पण आले. त्यांनी माझ्या लुगड्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. मग सरळ कोठीत गेले आणि पहिलं खोकं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर उचललं.

दिवे लागायच्या आत हातगाड्या स्टेशनच्या मालधक्क्याकडे गेल्या. मुंबईचा कुणी साबणवाला होता, त्याने म्हणे तो माल कसाबसा ठेवून घेतला. कोठी चुन्याने पोतारली, कडुलिंबाचा धूर केला, म्हशीचं आंबोण बदललं. तरी भिंतीला वास होताच, बरेच दिवस होता. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आणि ती राहिली. अव्वा दारात बसून मी पुन्हा उठून पळते का ते बघत होत्या. मी पळाले नाही तेव्हा त्या तिथेच पदरात तोंड घालून रडल्या.

दिवाळीच्या पुढेमागे मुलगी झाली. वाटी खोटी ठरली नाही म्हणायचं. बर्फीच ना ती, कसली का असेना.

पण इथे संपत नाही. पोरगी अगदी बारीक होती. मी उन्हाळाभर काय खाल्लं होतं म्हणून ती भरेल? आणि थंडी पडली, कोरडी. माझी स्तनाग्रं चिरली, त्यांतून रक्त यायला लागलं. पोरीने तोंड लावलं की मी किंचाळायची, की ती दचकून सोडायची. तूप लावून झालं, लोणी लावून झालं, म्हातारीने सांगितलेला पाला लावून झाला. पोरगी भुकेने रडून रडून निळी पडायची आणि मग तिचं रडणंही बारीक झालं. त्या बारीक रडण्यासारखं भयंकर काही नसतं. इतकं सगळं करून राखलेलं लेकरू माझ्याच मांडीवर उपाशी मरणार, असं मला दिसत होतं.

मालक कोठीच्या दारात आले. बाळंतिणीच्या खोलीत येत नसत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. बंडीच्या खिशातून त्यांनी एक डबी काढली आणि फरशीवरून माझ्याकडे सरकवली. पत्र्याची, छोटी.

मी झाकण उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती.

"सगळं काढलं म्हणाला होतात," मी म्हणाले.

"एक ठेवली होती," ते म्हणाले. "कंपाउंडर म्हणला होता, चिरलेल्या कातडीला याच्याएवढं दुसरं काही न्हाय. पोरीच्या पोटात गेलं तरी बाधत न्हाय." आणि मग खाली बघून म्हणाले, "झाडाचंच हाय."

माझा इतका संताप झाला, की ती डबी त्यांच्या कपाळावर फेकून मारावीशी वाटली. डोहाळा मोडला होता त्यांनी. मला फसवलं होतं. पण मांडीवर पोरगी होती आणि तिला आता नीट रडताही येत नव्हतं. मी डबी उघडली. तो वास वर आला, सगळा उन्हाळा घेऊन आला. मी दात आवळले, श्वास धरला आणि ते पिवळं मलम स्वतःच्या छातीला फासलं. ओकारी घशापर्यंत आली, ती मी गिळली.

उतार पडला. सांगायला जिवावर येतं, पण पडला. चिरा भरल्या, पोरगी प्यायला लागली. आणि मग नवीनच खोड. त्या वासाशिवाय ती तोंडच लावीना! जखमा बऱ्या झाल्या म्हणून मी मलम बंद केलं, तर कार्टी मान फिरवायची, हातपाय झाडायची. पुन्हा बोटभर लावलं की मिटक्या मारत प्यायची. डबी संपली की भरलेली असायची, कुठून ते मी कधी विचारलं नाही. ती अंगावर पीत होती तोवर, दुसरं वर्ष सरेपर्यंत, मी रोज त्या घाणीत माखत होते आणि नाकाने श्वास न घेता लेकराला पाजत होते.

ती लेक मोठी झाली, लग्न होऊन माळशिरसला गेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती माझ्याच वळणावर. पाण्याचा घोटही राहत नव्हता. अव्वा तेव्हा नव्हत्या. मीच तिच्यासमोर खाली बसले, तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, काय पायजे तुला, बाळ? सांग. काय म्हणशील ते देते.

तिने डोळे मिटले.

"आई, मला नाव येत न्हाय त्याचं," ती म्हणाली. "तुझ्या अंगाला यायचा बघ एक वास. मी लहान असताना. तसलं काहीतरी पायजे."

दाराशी मालक बसले होते. केस पिकले होते, कानाला कमी ऐकू यायला लागलं होतं, पण हे एवढं त्यांना बरोबर ऐकू आलं. त्यांनी टोपी घातली आणि ते बाजारात गेले. आता सोलापुरातही कोकोचे डबे मिळायला लागले होते.

डोहाळा मोडायचा नसतो. मी डबा उघडला, पूड दुधात घातली आणि तोंड फिरवून ढवळायला लागले. लेकीने कप दोन्ही हातांनी धरला, आधी नाकाशी नेला, डोळे मिटून हुंगला, मग सगळा प्याली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. राहिलं.

"अजून हाय का गं?" तिने विचारलं.

मी पदराचं टोक नाकावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली आणि पुन्हा दूध तापत ठेवलं.